पाणी तापविण्याचीं घरगुती साधनें: त्यांचें आयुष्य व तीं केव्हां बदलावीं

आश्विन संपत येतो, खरिपाचें धान्य घरांत येऊं लागतें, आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरांत दहा-पंधरा माणसें जमलेलीं असतात. नेमक्या त्याच वेळीं पाणी तापत नाहीं, तोटींतून तांबूस पाणी येतें, अगर बटण दाबतांच सबंध घराची वीज जाते. मग मिस्त्रीस निरोप जातो. तो येऊन "हा आतां संपला, नवा घ्या" असें सांगतो आणि आपण नवा घेतों. वास्तविक त्यांपैकीं पुष्कळ गीझर एखादा लहानसा भाग बदलला असतां आणखी चार-पांच वर्षें चालले असते. याच्या उलट, जे गीझर खरोखर मोडींत घालावयास हवेत असे कित्येक आज भिंतीवर टांगलेले आहेत व त्यांच्याखालीं आपलीं मुलेंबाळें स्नान करीत आहेत. विहिरीवरील पंपाची मोटार जळाली तर ती पुन्हा भरून घ्यावी कीं नवी आणावी, याचा हिशेब शेतकरी बरोबर करतो. न्हाणीघरांतील यंत्राचा तोच हिशेब कसा करावा, हें येथें सांगावयाचें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें बरें. साधा पाणी सांठविणारा विजेचा गीझर आठ ते बारा वर्षें चालतो, असें सर्वसाधारणपणें सांगतात व तें स्थूलमानानें खरेंहि आहे. परंतु बैलाचें वय जसें केवळ वर्षांवर न मोजतां त्याच्या दांतांवर व कामावर मोजतात, तसेंच गीझरचेंहि आहे. त्याचें आयुष्य तीन गोष्टींवर ठरतें: त्यांत कोणतें पाणी जातें, त्याच्या पोटांतील मॅग्नेशियमची कांडी वेळेवर बदलली जाते कीं नाहीं, आणि त्याच्यावर पाण्याचा दाब किती पडतो.

जुना बंब कां टिके

आपल्या वडिलांच्या वेळचा तांब्याचा बंब आजहि पुष्कळ घरांत अडगळींत, पण धड स्थितींत सांपडतो. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत ठोकून केलेले असे बंब दोन-दोन पिढ्या चालत. याचें कारण शोधण्यासारखें आहे. तांबें लोखंडाप्रमाणें गंजून झडत नाहीं. बंबांतील पाण्यावर दाब नसतो. खालची जाळी जळली तर दुसरी बसवितां येते, तोटी गळली तर बदलतां येते, आणि पत्र्यास भोंक पडलें तर तांबट त्यास झाळून देतो. ज्याचा प्रत्येक भाग निराळा काढून दुरुस्त करतां येतो तें साधन सहसा मरत नाहीं. आणि मेलें तरी तांब्याची मोड चांगल्या भावानें जाते.

मग बंब सोडून गीझर घेण्याचें कारण काय? कारण बंबाचें आयुष्य नव्हे, तर त्याचें जळण. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिंदी शेतीवरील अहवालांत डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीं, शेतांत जावयाचें शेण चुलींत जातें, याकडे सरकारचें लक्ष वेधलें होतें. तें आजहि तितकेंच खरें आहे. गोवऱ्या जाळून तापविलेलें पाणी फुकट पडत नाहीं. त्याची किंमत शेताच्या खतांतून वजा होते. शिवाय बंद न्हाणीघरांत पेटता बंब ठेवणें धोक्याचें असतें. त्याविषयीं पुढें येईलच.

गीझरच्या पोटांत काय असतें

ज्या चाकणच्या बाजारांत आपण कांदा-बटाटा नेतों, त्याच चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत रॅकोल्डचा पाणी तापविण्याच्या यंत्रांचा कारखाना आहे. म्हणजे हें यंत्र आपल्या परिसरास परकें नाहीं. तरी त्याच्या आंत काय आहे, हें वापरणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

बाहेरच्या आवरणाच्या आंत उष्णता धरून ठेवणाऱ्या फेसाळ पदार्थाचा जाड थर असतो. त्याच्या आंत टाकी असते. ती बहुधा पोलादाची असून तिला आंतून कांचेसारख्या मिन्याचा लेप दिलेला असतो. टाकींत पाणी तापविणारी कॉइल, ठराविक उष्णतेवर वीज तोडणारा थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅट बिघडल्यास वीज तोडणारा दुसरा रक्षक, आणि बाहेर थंड पाण्याच्या नळावर सेफ्टी व्हॉल्व्ह, इतके मुख्य भाग होत. यांशिवाय टाकींत एक राखाडी कांडी लोंबत असते. मिस्त्री तिला अ‍ॅनोड म्हणतात. ती मॅग्नेशियमची असते व गीझरच्या आयुष्याची किल्ली तीच आहे.

मिन्याच्या लेपांत कोठेंतरी सूक्ष्म भेग राहतेच व तेथून पोलाद गंजूं लागतें. परंतु पोलादापेक्षां लवकर झिजणारी धातु त्याच पाण्यांत पोलादाशीं जोडून ठेवली, तर पाणी आधीं तिला खातें व पोलाद वांचतें. हें तत्त्व इंग्लंडांतील शास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांचें रक्षण करण्याकरितां पुढें मांडलें. आम्हां शेतकऱ्यांस तें समजावयास जहाजाची गरज नाहीं. टोमॅटोच्या शेतांत झेंडूच्या ओळी लावतात. अळीनें पतंग होऊन अंडीं घालावयाचीं तीं झेंडूवर घालावीं व टोमॅटो वांचावा, हा त्यांतील हेतु. मॅग्नेशियमची कांडी हें टाकींतील सापळा पीक होय. झेंडू संपला कीं अळी टोमॅटोवर येते. कांडी संपली कीं गंज टाकीवर येतो. आश्चर्य हें कीं, ही कांडी बदलतां येते हेंच बहुतेक घरांत कोणी सांगितलेलें नसतें.

पाण्यापाण्यांतील भेद

पिंपरीच्या परिसरांत दोन जातींचें पाणी वापरांत आहे. एक पवनेचें. मावळांतील पवना धरणांतून नदीनें आलेलें पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशीं उचलून निगडी येथें शुद्ध केलें जातें व नळानें शहरांत जातें. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचें हें पाणी मृदु असतें. दुसरें विहिरीचें व बोअरचें. काळ्या खडकाच्या फटींतून वर्षानुवर्षें झिरपलेल्या या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. मोशी, चऱ्होली, चिखली, पुनावळे हीं गांवें १९९७ सालीं महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. तेथें नळ आले तरी मळ्यांतील घरांत बोअर राहिलेच. नोव्हेंबर २०१९ पासून शहरांत एक दिवसाआड पाणी देण्यास आरंभ झाल्यावर पुष्कळ इमारतींनींहि बोअरचा व टँकरचा आधार घेतला. त्यामुळें आपल्या गीझरमध्यें कोणतें पाणी जातें, हें घरमालकानें नक्की माहीत करून घेतलें पाहिजे.

क्षारयुक्त पाणी तापविलें म्हणजे त्यांतील बायकार्बोनेट क्षार फुटून त्यांचा चुनखडीसारखा पांढरा थर बनतो व तो कॉइलवर आणि तळाशीं बसतो. पाणी जितकें अधिक तापेल तितका हा थर अधिक धरतो. ६० अंश सेंटिग्रेडच्या वर तो फार झपाट्यानें वाढतो. एक साधा हिशेब करूं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून, दुसरें पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, आपल्या बोअरचें काठिण्य ४०० आहे व गीझरमधून दररोज १०० लिटर पाणी जातें. म्हणजे रोज ४० ग्रॅम व वर्षास साडेचौदा किलो क्षार त्या टाकींतून जातो. त्याचा शंभरावा हिस्सा जरी आंत बसला तरी वर्षास सुमारें दीडशें ग्रॅम दगड टाकींत तयार होतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरीं बोअरच्या पाण्यावरील एक गीझर सातव्या वर्षीं गळूं लागला. तो उघडविला तेव्हां कांडीच्या जागीं केवळ तिच्या गाभ्याची तार उरली होती आणि तळांतून ओंजळभर पांढऱ्या खपल्या निघाल्या. पवनेच्या नळावर असलेल्या एका आप्ताच्या घरचा गीझर त्याच वर्षीं उघडून पाहिला. त्याची कांडी अर्धीअधिक शिल्लक होती व टाकी स्वच्छ होती. दोन्ही गीझर एकाच दिवाळीस घेतलेले होते. दोहोंत फरक पाण्याचा होता. आणि कांडी वेळेवर न पाहण्याचा दोष सर्वस्वी लेखकाचा होता.

आपलें पाणी कसें आहे हें ओळखण्यास शेतकऱ्यास फार दूर जावयास नको. ज्या पाण्यानें ठिबकच्या तोट्या पांढऱ्या होऊन बुजतात व ज्याकरितां आपण आम्लाची प्रक्रिया करतों, तेंच पाणी गीझरमध्यें तोच उद्योग करतें. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेंत पिकाकरितां पाण्याचा नमुना देतों, तेव्हां काठिण्याचा आंकडाहि विचारून घ्यावा.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. क्षार बसला म्हणजे विजेचें बिल फार वाढतें असें म्हणतात. बंबांत तें खरें आहे. पत्र्यावर थर बसला तर जाळाची उष्णता पाण्यांत न शिरतां धुराच्या नळीनें बाहेर जाते. परंतु विजेची कॉइल पाण्यांतच बुडालेली असते, म्हणून तिची उष्णता शेवटीं पाण्यांतच जाते. नुकसान होतें तें निराळें. थराखालीं कोंडलेली कॉइल अतिशय तापते, तिचें आवरण फाटतें, आणि मग वीज पाण्यांत उतरते. म्हणजे क्षाराचा खरा धोका खिशापेक्षां जिवास अधिक आहे.

लक्षणें व त्यांचा अर्थ

प्रत्येक दुखणें मरणाचें नसतें. खालील भेद ध्यानांत ठेवावा.

१. पाणी मुळींच तापत नाहीं: बहुधा कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो. दोन्ही बदलतां येतात. टाकी धड असल्यास गीझर टाकूं नये.

२. तापतांना फुटाण्यासारखा तडतड आवाज येतो: क्षाराचा थर. टाकी धुवून व कॉइल साफ करून घ्यावी.

३. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात: पाणी २० पासून ६० अंशांपर्यंत तापलें म्हणजे शेंकडा सुमारें दीडनें फुगतें. १५ लिटरच्या टाकींत हें जास्त पाणी पेलाभर होतें व तें बाहेर पडण्यास वाट लागते. तापतांना पडणारे थेंब हें आरोग्याचें लक्षण होय. मात्र गीझर थंड असतांहि पाणी वाहत राहिलें तर व्हॉल्व्ह बदलावा किंवा नळाचा दाब तपासावा. त्या तोंडास बुडखा ठोकून तें बंद करण्याचा प्रकार कित्येक ठिकाणीं पाहावयास मिळतो. तो जीवघेणा आहे. थर्मोस्टॅट बिघडून कोंडलेलें पाणी उकळण्यापलीकडे तापलें, तर टाकी फुटते.

४. खालच्या झांकणाच्या कडेनें पाणी झिरपतें: रबरी वायसर गेलेलें असतें. तें बदलावें.

५. गरम पाणी तांबूस येतें व थंड पाणी स्वच्छ येतें: टाकी आंतून गंजूं लागली. ताबडतोब कांडी पाहावी. गंज नुकताच सुरू झाला असेल तर नव्या कांडीनें टाकी कांहीं काळ तग धरते; पुढें पुन्हा तांबूस पाणी आलें तर नव्या गीझरची तजवीज करावी.

६. टाकीच्या अंगांतून अगर सांध्यांतून पाणी येतें: येथें हिशेब संपला. मिन्याच्या टाकीस बाहेरून झाळतां येत नाहीं. त्याच दिवशीं वीज तोडून गीझर उतरवावा.

७. तोटीस अगर पाण्यास हात लावतांच झिणझिण्या येतात: मुख्य बटण बंद करावें व तपासणी झाल्यावांचून पुन्हा लावूं नये. "थोडासाच झटका लागतो" असें म्हणून दिवस ढकलणें म्हणजे मृत्यूशीं खेळणें होय.

दुरुस्ती कीं नवा, याबद्दल एक स्थूल नियम सांगतां येईल. गीझर आठ वर्षांच्या आंतील व टाकी धड असेल तर दुरुस्त करावा. आठ वर्षें उलटलीं असून एका दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किंमतीच्या निम्म्याजवळ जात असेल, अगर एकाच हिवाळ्यांत दोनदां मिस्त्री बोलवावा लागला असेल, तर बदलावा. टाकी गळत असेल तर वय पाहूंच नये.

ज्यांत तडजोड करूं नये

२००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावूं नये. १६ अँपिअरचें निराळें सॉकेट व जाड तार हवी. अर्थिंग खरोखर जमिनींत गेलेलें आहे कीं केवळ भिंतींत तार खुपसली आहे, हें विजेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावें. ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा रक्षक बसविणें हा घरांतील सर्वांत स्वस्त विमा होय. बादलींत सोडण्याचा रॉड वापरणारांनीं बटण बंद करून प्लग काढल्यावांचून पाण्यास बोट लावूं नये व लहान मुलें असलेल्या घरांत तो ठेवूंच नये.

गॅसच्या गीझरविषयीं अधिक कठोरपणें लिहिणें भाग आहे. बंद न्हाणीघरांत गॅस जळतांना हवा कमी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणसास गुंगी येते व तो दार उघडण्यापूर्वींच पडतो. आपल्या राज्यांत अशा रीतीनें तरुण माणसें दगावल्याच्या घटना पुनःपुन्हा घडल्या आहेत. बंद खोलींतील पेटत्या बंबाचा व शेगडीचाहि हाच धोका आहे. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत असावा व पाणी नळानें आंत न्यावें. ज्योत निळी असली पाहिजे. ती पिवळी झाली किंवा काजळी धरूं लागली, तर त्याच क्षणीं वापर थांबवावा. येथें वर्षें मोजीत बसूं नये.

सूर्याच्या उष्णतेवर चालणारीं साधनें

ज्याच्या घरास मोकळें छप्पर आहे त्या शेतकऱ्यास सौर बंब सर्वांत फायदेशीर. नीट निगा राखली तर तो पंधरा ते वीस वर्षें चालतो. गोठ्यांत कांस धुण्यास कोंबट व दुधाचीं भांडीं धुण्यास गरम पाणी रोज लागतें; तेंहि त्यांतून निघतें. मात्र येथेंहि पाण्याचा विचार आधीं. सपाट तबकांच्या प्रकारांत तांब्याच्या अरुंद नळ्या असतात व क्षारयुक्त पाण्यानें त्या बुजतात. म्हणून बोअरचें पाणी असल्यास कांचेच्या नळ्यांचा प्रकार घ्यावा, अगर तबकांत स्वच्छ पाणी कोंडून त्याची उष्णता दुसऱ्या पाण्यास देणारी योजना करून घ्यावी. कांचेची नळी फुटली तर ती एकटी बदलतां येते. भर दुपारीं रिकाम्या व तापलेल्या नळ्यांत थंड पाणी सोडूं नये, त्या तडकतात. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर भरावें. सौर बंबाचें आयुष्यहि शेवटीं टाकीच ठरविते. टाकी गळली तरी धड असलेल्या नळ्या व सांगाडा टाकून न देतां नुसती टाकी बदलतां येते कीं काय, हें आधीं विचारावें.

नवा घेतांना

पाणी कठीण असल्यास टाकीचा लेप, कॉइलचें आवरण व टाकीवरील हमीचीं वर्षें हीं प्रथम पाहावीं. बाहेरच्या रंगास भुलूं नये. उंच इमारतींत सदनिका असल्यास दाब विचारांत घ्यावा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीस सुमारें एक बार दाब पडतो, आणि त्यावर पंपाचा दाब निराळा; म्हणून तेथें आठ बारचा दाब सोसणारा गीझर घ्यावा. विजेच्या बचतीचे तारे हे मुख्यतः सांठलेल्या गरम पाण्याची उष्णता किती वायां जाते त्यावर दिलेले असतात. जो दिवसभर गीझर चालू ठेवतो त्यास पांच तारे फायद्याचे. जो स्नानापूर्वीं अर्धा तास लावून बंद करतो त्यास तितका फरक पडत नाहीं. १५ लिटर पाणी २० पासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास पाऊण युनिटाहून किंचित् कमी वीज लागते, व २००० वॅटच्या कॉइलवर सुमारें वीस-एकवीस मिनिटें लागतात. हाच आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पाणी मूळचें किती थंड आहे त्याप्रमाणें थोडा फरक पडेल, पण गीझर नेहमींपेक्षां फारच वेळ घेऊं लागला, तर तो आजारी आहे असें समजावें.

शेवटीं वर्षाचें काम. पावसाळा संपतांच, दिवाळीच्या पंधरा दिवस आधीं, मिस्त्रीस सवडीनें बोलवावें. वीज तोडून व पाणी निववून टाकीचा तळ धुवून घ्यावा. कॉइल, वायसर व अर्थिंग पाहावें. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडझांक करतो कीं नाहीं तें पाहावें. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवावा. कांडी बोअरच्या पाण्यावर दरवर्षीं व नळाच्या पाण्यावर दोन वर्षांनीं काढून पाहावी, आणि गाभ्याची तार दिसूं लागली कीं बदलावी. टाकी पाण्यानें भरल्याची खात्री झाल्यावांचून पुन्हा बटण लावूं नये, नाहीं तर कोरडी कॉइल क्षणांत जळते. गीझर बसविल्याची व कांडी बदलल्याची तारीख त्याच्याच अंगावर रंगानें लिहून ठेवावी. गाय व्याल्याची तारीख आपण गोठ्याच्या भिंतीवर लिहितों, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं गाय हंबरून आठवण देते, गीझर मुकाट्यानें गंजतो.